फिरत्या बिनतारी व्यवसायातील कामगारांचे व्यवसायशिक्षण : वसईच्या किनाऱ्यावरून एक विचार

पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. त्याच समारंभात आणखी एका योजनेचा आरंभ करण्यात आला; पण बंदराचा खर्च, त्याचा आवाका आणि त्याविषयीचा वाद यांच्या गलबल्यात तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही योजना मासेमारी नौकांवरील संदेशवहनाची होती. देशातील किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून तेरा ठिकाणच्या यांत्रिक नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख संदेशयंत्रे बसवावयाची आणि त्यासाठी सुमारे ३६० कोटी रुपये खर्च करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने घडविलेले हे यंत्र उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी छोटे लिखित निरोप नेते-आणते. मोबाईलचे जाळे जेथे संपते तेथेही ते चालते.

ज्या जिल्ह्यात या योजनेचा नारळ फुटला त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसई तालुका आहे. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव ही तेथील मच्छीमारांची जुनी ठाणी. या ठाण्यांतील तांडेलाच्या हाती हे यंत्र येईल तेव्हा ते बसविणार कोण, सांभाळणार कोण, बिघडले तर उघडणार कोण आणि खवळलेल्या समुद्रात, काळोख्या रात्री ते नेमके कसे वापरावयाचे हे त्याला शिकविणार कोण, असे प्रश्न उभे राहतात. यंत्राच्या किमतीची तरतूद झाली. हाताच्या कसबाची तरतूद अजून व्हावयाची आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हे कसब होय.

आरंभी परिभाषेचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ‘मोबाईल’ हा शब्द आज आपल्या बोलण्यात खिशातल्या दूरध्वनीपुरता उरला आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीत मात्र ‘फिरती बिनतारी सेवा’ ही फार व्यापक संज्ञा असून तिचे भूमीवरील, सागरी व वैमानिकी असे तीन विभाग केलेले आहेत. ज्या बिनतारी संवादात निदान एक टोक हालते असते तो संवाद या सेवेत मोडतो. पोलिसांच्या गाडीतील संच, अग्निशमन दलाच्या जवानाच्या खांद्यावरील वॉकीटॉकी, लोकल गाडीच्या दोन्ही टोकांस असलेल्या मोटरमन व गार्ड यांच्याजवळचे संच (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि नौकेच्या केबिनमधील व्ही.एच.एफ. संच ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत. ती चालविणारे, बसविणारे व दुरुस्त करणारे लोक म्हणजेच या व्यवसायातील कामगार.

वसई-विरार परिसरात ही सर्व रूपे एकत्र नांदतात. विरार हे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी वाहतुकीचे मोठे ठाणे आहे. तेथे गाड्यांची मोठी कारशेड आहे. महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, तिचे अग्निशमन दल आहे. पूर्वेकडे वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक गाळ्यांची दाटी आहे, आणि त्यांच्या फाटकांवर व नव्या गृहसंकुलांच्या दारांवर हातसंच घेतलेले रखवालदार उभे असतात. यांपैकी पोलीस, रेल्वे, लष्कर यांच्यापुरता शिक्षणाचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. त्यांच्या हाती संच देणारी संस्थाच त्यांना शिकविते. रेल्वेने सिग्नल व दूरसंचार कर्मचाऱ्यांसाठी सिकंदराबाद येथे १९५७ सालीच स्वतंत्र संस्था काढली. ज्यांना मोठी संस्था धनी म्हणून लाभलेली नाही, त्यांच्याबाबतीत अडचण निर्माण होते. रखवालदाराच्या हातातील संच बिघडला तर फार तर फाटकावर थोडा गोंधळ होईल. मच्छीमाराची गोष्ट तशी नाही. म्हणून येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

मच्छीमार नौकांवर संदेशयंत्रे आली ती बहुधा एखाद्या संकटामागोमाग आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून किनाऱ्याजवळ आले, आणि समुद्रातील प्रत्येक नौका कोणाची हे ओळखण्याची निकड शासनाला प्रथमच तीव्रतेने जाणवली. नौकांना रंग ठरवून देणे, खलाशांना ओळखपत्रे देणे, नौकांची जागा कळविणारी यंत्रे बसविणे ही कामे त्यानंतरची. सुमारे २०१० पासून तटरक्षक दलाच्या सहकार्याने आपत्तिसूचक प्रेषक वापरात आला. आग लागली, नौका बुडत आहे, माणूस पाण्यात पडला, औषधोपचार हवा, असे ठरावीक संदेश तो उपग्रहाद्वारे पाठवी. पण संदेश पोहोचला की नाही हे पाठविणाऱ्याला कळत नसे. २०१७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओखी चक्रीवादळ आले. केरळ व तमिळनाडूमधील जे मच्छीमार खोल समुद्रात होते त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचविण्याचे साधन नव्हते. त्यांतील साठाहून अधिक नौका वाऱ्यापावसातून वाट काढीत सिंधुदुर्गातील देवगडच्या आश्रयाला आल्या व नऊशेंहून अधिक माणसे वाचली. पुष्कळांच्या वाट्याला मात्र ते भाग्य आले नाही. त्यानंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे, किनाऱ्याकडून नौकेकडे इशारे नेणारे उपकरण आले. जानेवारी २०२४ मध्ये आपत्तिसूचक प्रेषकाची दुसरी आवृत्ती जाहीर झाली. तिच्यात किनाऱ्याकडून पोच मिळण्याची सोय आहे. आणि मग पालघरची योजना आली.

चौदा वर्षांत चार उपकरणे झाली. प्रत्येक आधीच्यापेक्षा चांगले, यात शंका नाही. परंतु प्रत्येकाच्या कळा निराळ्या, विजेची गरज निराळी, आकाशक, म्हणजे अँटेना, बसविण्याची रीत निराळी. पुरवठादाराचा माणूस येतो, खिळे ठोकतो, कोणती कळ दाबावयाची ते दाखवितो आणि जातो. एवढ्याने यंत्राची तोंडओळख होते. तिला शिक्षण म्हणता येणार नाही.

याच किनाऱ्यावर याहून वेगळी गोष्ट पूर्वी घडलेली आहे आणि तिची तुलना उपयुक्त ठरेल. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत शिडाच्या होड्यांना डिझेलची इंजिने लागली. कर्ज व अनुदान सहकारी सोसायट्यांमार्फत मिळाले. पण त्याच्याच जोडीला शासनाने मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रे काढली आणि तेथे नौकानयन व सागरी डिझेल इंजिनाची देखभाल यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यामुळे झाले काय, तर तांडेल आणि खलाशी यांच्या जोडीला नौकेवर एक नवा माणूस आला : इंजिनाचा ड्रायव्हर. त्याला मान मिळाला, मिळकतीत वाटा मिळाला, त्याच्या हाताखाली पोरे तयार झाली. आज अर्नाळ्याच्या किंवा नायगावच्या बंदरावर इंजिन उघडून बसवू शकणारा माणूस शोधावा लागत नाही. तो शेजारच्या घरी सापडतो. बिनतारी यंत्राच्या बाबतीत असा माणूस घडविण्याचे काम झाले नाही. याचे एक कारण असे दिसते की इंजिन बंद पडले तर त्या दिवशीचा धंदाच बुडतो, म्हणून त्याची काळजी मालक, म्हणजे नाखवा, आपणहून घेतो. बिनतारी संच मात्र वर्षानुवर्षे बंद राहिला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. तो मुका आहे हे कळते ते ज्या दिवशी कळू नये नेमक्या त्याच दिवशी.

मोबाईल फोन असताना व्ही.एच.एफ. संच हवाच कशाला, ही शंका आता सर्रास घेतली जाते. तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक तर फोनचे मनोरे जमिनीकडे तोंड करून उभे असतात आणि किनाऱ्यापासून काही मैल गेल्यावर फोन निरुपयोगी होतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. फोन एका माणसाला लागतो. बिनतारी हाक कक्षेतील सर्वांना एकदम ऐकू जाते. बुडणाऱ्या नौकेला सर्वांत जवळची मदत म्हणजे शेजारच्या कवीवर जाळे लावून बसलेली दुसरी नौका. तिच्या तांडेलाचा क्रमांक ठाऊक असो वा नसो, १५६.८ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतेवर, म्हणजे सोळाव्या वाहिनीवर, मारलेली हाक त्याच्या कानी पडते. उपग्रहयंत्राने पाठविलेला निरोप अगोदर किनाऱ्यावर जातो आणि तेथून मदत निघते. ही दोन्ही साधने परस्परांना पूरक आहेत. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

आता हा संच बसविण्याच्या कलेकडे वळू. या विषयाचे सारे मर्म तेथे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. या कंप्रतेच्या लहरी ढोबळमानाने दृष्टिरेषेत जातात. आकाशकाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की त्याचे बिनतारी क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते, आणि दोन्ही टोकांच्या क्षितिजांची बेरीज ही संवादाची कमाल मर्यादा. पाण्यापासून ४ मीटर उंचीवर आकाशक असलेल्या दोन नौकांमधील मर्यादा अशा रीतीने सुमारे १६.५ किलोमीटर येते. किनाऱ्यावर ६४ मीटर उंचीचा खांब असेल तर नौका व किनारा यांच्यामधील मर्यादा सुमारे ४१ किलोमीटर, म्हणजे २२ सागरी मैल होते. तुंगारच्या डोंगराएवढ्या, म्हणजे सहाशेएक मीटर उंचीवर ग्राही केंद्र असते तर हाच आकडा शंभर किलोमीटरच्या पलीकडे गेला असता. आपल्या संचाची शक्ती किती वॉट, याची चौकशी खरेदी करणारा नाखवा नेहमी करतो. आकाशक किती उंच बसणार, हे क्वचितच विचारतो. वस्तुतः २५ वॉटांचा संच आणि केबिनच्या छपरावर आडवा बांधलेला आकाशक यांपेक्षा थोड्या वॉटांचा संच आणि डोलकाठीच्या टोकाला सरळ उभा आकाशक ही जोडी कितीतरी बरी.

त्यानंतर प्रश्न येतो संच व आकाशक यांना जोडणाऱ्या तारेचा. बाजारात सहज मिळणारी बारीक समाक्ष केबल या कंप्रतेवर दर शंभर मीटरला सुमारे वीस डेसिबेल शक्ती गिळते. दहा मीटर केबल घातली की २५ वॉटांपैकी जेमतेम १६ वॉट वर पोहोचतात. एवढे नुकसान सोसता येईल. पण केबलच्या टोकाच्या जोडणीत खारे पाणी शिरले की सगळाच हिशेब बिघडतो. तांब्याची जाळी हिरवी पडते, पाणी केशाकर्षणाने केबलमध्ये दूरवर चढत जाते आणि आकाशकाकडे निघालेल्या शक्तीचा मोठा भाग परत फिरतो. स्थिर तरंगांचे गुणोत्तर तीनास एक झाले तर शक्तीचा चौथा हिस्सा परावर्तित होतो. ते आणखी वाढले तर संच स्वतःच्या रक्षणासाठी आपले उत्सर्जन कमी करतो किंवा त्याचा अंतिम भाग जळतो. गंमत अशी की या अवस्थेतही संचाचा दिवा लागलेला असतो, खरखर ऐकू येते आणि शेजारच्या होडीशी बोलताही येते. तांडेलाला वाटते यंत्र ठीक आहे. ते ठीक नाही हे केवळ मापकच सांगू शकतो, आणि मापक वाचणारा माणूस बंदरावर नाही.

विजेच्या पुरवठ्याचेही तसेच आहे. पूर्ण शक्तीवर बोलताना असा संच बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच-सहा अँपिअर प्रवाह ओढतो. बारीक वायर, सैल स्क्रू आणि गंजलेले टोक मिळून पाव ओहमचा रोध झाला तरी सव्वा ते दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरी थोडी उतरलेली असली तर बोलण्याची कळ दाबताच संच बंद पडतो. म्हणजे ऐकू येते पण बोलता येत नाही. शिवाय बॅटरी इंजिनाशेजारी तळाला ठेवण्याची रीत आहे. नौकेत पाणी शिरले की सर्वप्रथम बुडते ती बॅटरीच. मोठ्या जहाजांना राखीव विजेचा निराळा साठा ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक केले आहे, ते याच कारणाने. लहान नौकेवर केबिनच्या वरच्या फळीवर एक छोटी स्वतंत्र बॅटरी ठेवणे ही फार खर्चाची बाब नाही. पण तसे करावे हे सुचावयास बसविणाऱ्याला कारण ठाऊक असले पाहिजे.

नव्या व्ही.एच.एफ. संचांत आपत्तीसाठी झाकणाखाली एक लाल कळ असते. ती दाबली की सत्तराव्या वाहिनीवर नौकेचा ओळख-क्रमांक व जागा अंकरूपाने आपोआप जातात. हा ओळख-क्रमांक नऊ आकडी असून भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. तो संचात भरलेला नसेल तर ही सोय चालत नाही. तो न भरताच संच बसविला गेला, तर लाल कळ शोभेपुरतीच राहते.

चालविणाऱ्याचे शिक्षण याहून वेगळ्या प्रकारचे आहे. संच चालविण्यात अवघड ते काय, असे सकृद्दर्शनी वाटते. कळ दाबावी आणि बोलावे. परंतु सोळावी वाहिनी ही सर्वांची सामाईक वाट आहे, आणि तिथे एकाचे अज्ञान दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. बोलण्याचा मायक्रोफोन जाळ्याखाली दबला आणि त्याची कळ चिकटली, तर तो संच कोणाच्या नकळत अखंड लहरी सोडीत राहतो. कंप्रता-विरूपण पद्धतीत प्रबळ लहर दुर्बळ लहरीला पार झाकून टाकते. त्यामुळे त्या टापूत दुसऱ्या कोणाचीही हाक ऐकू येत नाही. सोळाव्या वाहिनीवर हाक मारून लगेच दुसऱ्या वाहिनीवर जाणे, बाजारभावाच्या व घरगुती गप्पा तेथे न मारणे, दुसऱ्याची आपत्तीची हाक चालू असताना मौन पाळणे हा शिष्टाचार नसून सुरक्षिततेचा नियम आहे. तो न शिकविताच संच हाती देणे म्हणजे वाहतुकीचे नियम न सांगता गाडी हाती देण्यासारखेच होय.

आणखी एक अडचण विद्यापीठीय वाचकांना अधिक विचारप्रवर्तक वाटावी. तांडेल आपली जागा अक्षांश-रेखांशांत सांगत नाही. डोल जाळ्याची नौका कोणत्या कवीवर आहे, पाणी किती वाव आहे, भरतीला पाणी कोणत्या अंगाने धावते, यांवरून तो जागा ओळखतो. आणि वसई, उत्तन, सातपाटी येथील मच्छीमारांत कवींच्या हद्दींवरून जे जुने तंटे आहेत, त्यांतून ही ओळख किती काटेकोर असते ते दिसते. शोध व बचाव केंद्रावरील अधिकाऱ्याला मात्र अंश आणि मिनिटे हवी असतात. हे ज्ञान कमी, ते ज्ञान अधिक, असा भेद येथे करता येत नाही. पण संकटाच्या वेळी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करण्यास सवड नसते, म्हणून तो अनुवाद आधीच हाताच्या वळणी पडला पाहिजे. ‘मेडे’ हा शब्द तीनदा, मग नौकेचे नाव, जागा, काय झाले, किती माणसे, कोणती मदत हवी, हा क्रम खलाशाच्या तोंडी आरतीसारखा बसावा लागतो. ‘मेडे’ हा मूळ फ्रेंच वाक्प्रचाराचा अपभ्रंश. तो १९२० च्या दशकात विमान-संदेशवहनातून रूढ झाला आणि पुढे साऱ्या जगाने स्वीकारला. गुजरातची नौका असो की केरळची, हा एक शब्द सर्वांना समजतो, एवढ्यासाठी तो पाठ करावयाचा.

यंत्र असणे आणि त्याच्यापाशी जाणता माणूस असणे यांतील अंतर किती महाग पडते, याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९१२ सालचे आहे. ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली तेव्हा ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज जवळच थांबलेले होते आणि त्याच्यावर बिनतारी संच होता. परंतु त्यावरील एकुलता एक चालक दिवसभराचे काम आटोपून, संच बंद करून थोड्याच वेळापूर्वी झोपी गेला होता. त्या दुर्घटनेनंतर लंडन येथे १९१४ साली जो करार झाला, त्यात प्रवासी जहाजांवरील बिनतारी पहाऱ्याचे नियम आले. पुढे याच परंपरेतून मोठ्या जहाजांसाठी जागतिक सागरी आपत्ती-संदेशवहन व्यवस्था उभी राहिली; ती १९९२ ते १९९९ या काळात टप्प्याटप्प्याने अमलात आली. या व्यवस्थेत चालकाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. लहान मासेमारी नौका तिच्या बंधनांबाहेर राहिल्या, आणि त्यामुळे तिच्या शिक्षणाच्याही बाहेर राहिल्या.

मग आपल्याकडील व्यवसायशिक्षणाच्या चौकटीत या कामाला जागा कोठे आहे? कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एकेकाळी ‘रेडिओ व टेलिव्हिजन मेकॅनिक’ हा व्यवसाय शिकविला जाई. पुढे त्याचे रूपांतर घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या व्यवसायात झाले. ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो पायाभरणीस चांगला आहे. परंतु त्यातून बाहेर पडलेल्या मुलाने नौकेवर पाय ठेवलेला असेलच असे नाही. उलट, कोची येथील केंद्रीय मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९६३ पासून नौकाचालक व सागरी यंत्रकार घडवीत आहे. पण तिच्या शाखा चेन्नई आणि विशाखापट्टणम येथे, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर आहेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे खरी, परंतु ती पदव्युत्तर अध्ययनाची जागा होय. अशा रीतीने एका बाजूला विजेचे ज्ञान असून समुद्राचा परिचय नाही, दुसऱ्या बाजूला समुद्राचा परिचय असून तो दूर कोचीला. आणि मध्ये पाचूबंदरचा मुलगा उभा आहे, ज्याला समुद्र जन्मापासून ठाऊक आहे आणि मोबाईलही उघडता येतो.

नियमांच्या अज्ञानाचाही एक पदर आहे. २०१८ साली ४४६.० ते ४४६.२ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या हातसंचांना परवान्यातून सूट मिळाली. त्यावरून कोणताही वॉकीटॉकी कोणीही वापरावा असा समज पसरला आणि ऑनलाइन विक्रीत नाना प्रकारचे संच दिसू लागले; अखेर २०२५ मध्ये ग्राहकसंरक्षण प्राधिकरणाला अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. एखाद्या नाखव्याने स्वस्त म्हणून असा संच विकत घेतला, तर परवान्याचा प्रश्न बाजूला राहिला तरी एक गोष्ट उरतेच : त्या कंप्रतेवर बचावकेंद्र कान लावून बसलेले नसते.

या परिस्थितीत वसईपुरता कोणता उपाय शक्य आहे? प्रस्तुत लेखकाच्या मते नव्या इमारतीची गरज नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, लाकडाला तेलपाणी होते. बिनतारीचा वर्ग भरविण्याचा काळ हाच. कारण विद्यार्थी मोकळे असतात आणि प्रात्यक्षिकाची साधने, म्हणजे नौका, समोर उभ्या असतात. वर्ग भरावयाची जागा म्हणजे मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या. डिझेल व बर्फ यांसाठी नाखव्याचे तेथे येणे-जाणे असतेच. वसई रोड येथे विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून आहे. अशा महाविद्यालयाच्या दूरसंचार प्रयोगशाळेतील शक्तिमापक व केबल-परीक्षक दोन महिन्यांसाठी बंदरावर आले, तर बहुतेक नौकांच्या आकाशकाची खरी अवस्था एका पावसाळ्यात कळून येईल.

शिकविण्याची भाषा मराठीच असली पाहिजे आणि तीही बंदरावरची. ‘प्रत्यावर्तन’ म्हणून जे समजणार नाही ते ‘शक्ती उलट फिरते’ म्हटल्याने समजते. परीक्षा मात्र राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसणारी असावी, म्हणजे प्रमाणपत्राला वसईबाहेरही किंमत राहील. जे लोक आजवर अनुभवाने ही कामे करीत आले आहेत, त्यांना पूर्वज्ञानाच्या मान्यतेची तरतूद उपलब्ध आहे. त्यांना पुन्हा पहिलीत बसविणे अन्यायाचे होईल. शिकाऊ उमेदवारीचे २०१९ चे सुधारलेले नियम तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना बंधनकारक आहेत, तर चारपासून एकोणतीसपर्यंत कामगार असलेल्यांना ऐच्छिक. वालीव-सातिवलीतील लहान गाळे या ऐच्छिक गटात येतात. बंदरावर बसविणे व दुरुस्ती शिकलेल्या मुलाला उरलेले दहा महिने अशा गाळ्यात इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या कामावर उमेदवारी मिळाली, तर केवळ नौकांच्या दुरुस्तीवर पोट भरत नाही, ही या धंद्यातील खरी अडचण पुष्कळशी हलकी होईल. त्याच मुलाला अग्निशमन दलाचे किंवा रखवालदार-संस्थांचे संचही दुरुस्त करता येतील, कारण विद्या एकच आहे.

किनाऱ्यावरच्या पहाऱ्याचा विचार याच्याच जोडीने व्हावा. सोसायटीच्या कचेरीत एक परवानाप्राप्त संच ठेवून तेथे आळीपाळीने ऐकत बसणारी माणसे हवीत. हे काम मच्छीमार घरांतील शिकलेल्या मुलींना देण्यासारखे आहे. नौका परतली नाही की रात्र रात्र वाट पाहणाऱ्या त्याच असतात. प्रत्येक नौकेचे नाव, तिच्यावरील माणसे आणि तिची कव त्यांना तोंडपाठ असते. बचावकेंद्राला हवी असलेली माहिती अशा मुलीकडून जितक्या लवकर मिळेल तितकी दुसऱ्या कोणाकडून मिळणार नाही. तिने चालकाचे प्रमाणपत्र मिळवावे, आणि तिला त्या कामाचा पगार मिळावा. सेवाभावाच्या नावाखाली हे काम फुकट करून घेण्याचा मोह टाळावयास हवा.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे संशोधनाला पुष्कळ वाव आहे. नौकांवर बसविलेले किती संच प्रत्यक्षात चालू स्थितीत आहेत, याची मापकानिशी केलेली पाहणी हवी. कवींची नावे, त्यांच्या खुणा व त्यांचे अक्षांश-रेखांश यांचा कोश हवा. तो करताना भूगोल, भाषाशास्त्र आणि दूरसंचार या तिन्ही विभागांना एकत्र बसावे लागेल, आणि कवींच्या हद्दींचे तंटे लक्षात घेता सोसायट्यांच्या संमतीवाचून त्याला हात घालता येणार नाही. इंजिनाच्या ड्रायव्हरला नौकेवर मान कसा मिळत गेला, वाट्याचे प्रमाण कसे ठरले, याचा सामाजिक इतिहास वृद्ध तांडेलांच्या आठवणींतून अजून गोळा करता येईल. ही सारी कामे किनाऱ्यावर नौका असतानाच होऊ शकतात. नारळी पौर्णिमा झाली की त्या पुन्हा समुद्रात असतात. म्हणून पाहणीची आखणी व सोसायट्यांशी बोलणी एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी लागतील.